सहावी खुर्ची

निवृत्त आर्किटेक्टना जुन्या इटालियन ऑफिस-खुर्च्या जमवायचा नाद होता. एकाच डिझायनरच्या सहांपैकी पाच त्यांच्याकडे होत्या. सहावी सापडली ती एका म्हाताऱ्या अनुवादकाच्या घरी. हातांवरचं लेदर झिजलेलं, पण खुर्ची अस्सल.

"विकायची नाही," अनुवादक हसून म्हणाले. "मी आहे तोवर तिच्यावर मीच बसणार. नंतर खुशाल न्या."

आर्किटेक्ट पिच्छा सोडणाऱ्यातले नव्हते. दर महिन्याला न चुकता फोन करायचे. "काय म्हणतेय तब्येत?" पलीकडून "ठणठणीत!" ऐकलं की मनातल्या मनात चरफडत फोन ठेवायचे. असं चार वर्षं चाललं.

मग एकदा फोन अनुवादकांच्या मुलीनं उचलला. "बाबा परवाच गेले," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी आर्किटेक्ट गाडी घेऊन हजर. मुलीनं स्वतः खुर्ची पुसून दारापर्यंत आणली.

"तुम्हालाच द्यायची, असं बाबांनी बजावलं होतं. म्हणायचे, पोटच्या मुलांना सवड नाही, पण माझा एक मित्र दर महिन्याला आठवणीनं माझी चौकशी करतो."

आर्किटेक्टना मान वर करवेना.

"शेवटच्या दिवशीही विचारत होते, त्याचा फोन आला का?"