हलकी फाईल

"मावशी, मूळ रॉ फाईल कुठाय?" आठवणी दुरुस्त करून देणाऱ्या तौफिकनं विचारलं.

"पुसून टाकली. डोक्यात जागा फार खायची."

नवऱ्याच्या मरणाची आठवण कुमुदिनीबाईंनी गेल्या वर्षी स्वतःच दाबून लहान केलेल्या, हलक्या जेपेग फाईलमध्ये बदलली होती. तेव्हापासून काही दुखलं नव्हतं. उद्या वर्षश्राद्ध होतं आणि डोळ्यांत टिपूस नव्हता.

तौफिकनं पडद्यावर ती आठवण उघडली. खाट, सलाईन, उशीचा अभ्रा, सगळं लख्ख दिसलं. नवऱ्याच्या डोळ्यांच्या जागी मात्र करडे चौकोन उमटले.

"लहान करताना जे गेलं, ते परत येत नाही, मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "उद्या माणसं जमतील. रडण्यापुरती कुणाची आठवण उसनी मिळेल का?"