रविवारची मंडळी

"रविवारची मंडळी कुठं बसते?" ओकिरोरनं विचारलं एवढंच. पुढचं सांगायला जीभ रेटली नाही. सायकल दुरुस्त करणाऱ्यानं मान वर न करताच हातातल्या पान्यानं डावीकडची वाट दाखवली. इस्त्रीचा शर्ट घालून रविवारी दुपारी कुमी गावात फिरणारा पुरुष दुसरं काय शोधणार?

त्या वाटेनं तो थेट असेकेन्ये नावाच्या म्हातारीच्या अंगणात पोचला. नाचणीच्या दारूचं मडकं मधे, भोवती पुरुषांचं कडं, प्रत्येकाच्या तोंडात हातभराहून लांब नळी. मंडळी होती खरी, पण ही नव्हे. त्याला पाऊल मागं घ्यायचं होतं, तेवढ्यात कुणी सरकून जागा केली, कुणी स्टूल पुढं ढकललं. दुसऱ्याच्या मडक्यापासून उभ्या उभ्या परत फिरणं म्हणजे तुमच्या दारूत विष आहे असं तोंडावर सांगणं. तो बसला.

म्हातारी असेकेन्ये किटली घेऊन आली. तिनं मडक्यातल्या आंबवणावर पुन्हा गरम पाणी ओतलं, रिवाजाप्रमाणे त्याचा पहिला घोट स्वतः घेतला आणि एक नळी पुसून ओकिरोरच्या हातात दिली.

"घे पाव्हण्या," ओलुपोट म्हणाला. त्या कड्यात सगळ्यात मोठं तोंड त्याचंच. "बनवणारीनं चाखलीय. मेलात तर दोघं सोबतीनं मराल."

सगळे हसले. ओकिरोरही हसल्यासारखं करत नळीकडं बघत राहिला. वास नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं. सकाळी शर्टाचं बटण लावून देताना बायको म्हणाली होती, "आज त्या मंडळीत बसून आलात तर मी थांबते. पिऊन आलात तर मुलांना घेऊन आईकडं चालले." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलली, म्हणून तो घाबरला होता. एक घोट घेतला की संपलं, हे त्याला कळत होतं. तरी नळी ओठांपर्यंत आली होती.

"मला दुसरी मंडळी हवी होती," तो कसाबसा म्हणाला. "सोडणाऱ्यांची."

ओलुपोटला ठसकाच लागला. "सोडणाऱ्यांची! तेही असेच गोल करून बसतात म्हणे. मधे काय ठेवतात रे, पाण्याची बादली?"

हसता हसता एकाच्या नाकातून दारू आली. ओकिरोरचे कान तापले. आता प्यायलो नाही तर हे जन्मभर चिडवतील, असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी कुणीतरी त्याच्या बोटांतून नळी अलगद काढून घेतली. असेकेन्ये हसत नव्हती.

"ऊठ," ती म्हणाली. "मी दाखवते."

"अगं मावशी, गिऱ्हाईक हाकलतेस?"

"तू पी गुमान. त्याच्या वाटचंही पी."

नाचणीच्या शेताकडेनं ती पुढं आणि तो मागं. म्हातारी झपझप चालत होती. वाट फुटली तिथं ती थबकलीसुद्धा नाही. दवाखान्यामागच्या कुडाजवळ मात्र एकदम थांबली. पलीकडून माणसांचं हलकं बोलणं ऐकू येत होतं.

"वाट चांगली पाठ आहे की, मावशी."

"मडकं लावून दिलं की येते कधीमधी. इथवरच."

"आत नाही जात?"

असेकेन्येनं कोरडेच हात कमरेच्या कापडाला पुसले. "आणि मडक्याला पहिलं तोंड कोण लावणार? बनवणारीनं चाखल्याशिवाय आपल्यात पितं का कुणी? नवरा गेला तेव्हापासून घर या मडक्यावर चालतंय. आधी घोटभरच घ्यायची मी. दाखवण्यापुरता." ती कुडाकडं बघत राहिली. "आता घोटावर भागत नाही रे. उजाडलं की हात कापायला लागतात."

ते कापणं ओकिरोरच्या ओळखीचं होतं. पण आपल्याला ते कुणाला असं सांगता आलं नव्हतं, बायकोलाही नाही. त्याला म्हातारीची फार दया आली, आणि त्या दयेत स्वतःची भीती थोडा वेळ विसरायला झाली.

"जा तू," ती म्हणाली. "तुला कुणीतरी पाठवलंय, शर्टावरूनच कळतंय. माघारी जाताना ताठ मानेनं जा."

फाटक करकरलं. दवाखान्यातली एक उंच नर्स बाहेर आली. घरून निघताना घोकलेलं सगळं, नाव काय, का आलो, केव्हापासून पितो, ओकिरोरच्या डोक्यातून पार पुसलं गेलं.

"या, या," नर्स म्हणाली. "पहिल्यांदाच आलात ना? चुकलात वाटतं वाटेत. होतं असं. थांबा, स्टूल आणते."

असेकेन्ये पाठ फिरवून निघाली होती. ओकिरोरनं दोन ढांगांत तिला गाठलं आणि मनगट धरलं. कुणाचा हात कापत होता कोण जाणे.

"दोन आणा," तो नर्सला म्हणाला.