बस म्हणायचं राहिलं

तुलारामने मनिषला घरामागच्या धानाच्या शेतात, बांधीतल्या चिखलात पळवून तयार केलं होतं. बाप कडेच्या धुऱ्यावर उभा राहायचा आणि तो "बस" म्हणेपर्यंत पोरगा थांबायचा नाही.

मनिष स्पर्धेसाठी परदेशी जायच्या आदल्या दिवशी मात्र कोणीतरी हाक मारली, म्हणून तुलाराम तसाच घरी आला. "बस" म्हणायचं राहून गेलं. मनिष दिवेलागणीला परतला, पाय धुऊन जेवायला बसला.

आज भर दुपारी करडी गावातल्या घरी टीव्हीवर जागतिक स्पर्धेतली पंधराशे मीटरची अंतिम शर्यत लागली होती. बारा जण पळत होते. ट्रॅक कोरडा ठणठणीत होता.

पहिल्या फेरीत मनिषचे घोटे काळे दिसले. दुसऱ्या फेरीत काळं पोटऱ्यांवर चढलं. तिसऱ्या फेरीत गुडघ्यांवरून चिखल ओघळत होता.

"सुलोचना, त्याच्या पायाले काय लागलं आहे?" तुलारामने बायकोला विचारलं.

"काई तं नाई लागलं. तुमी कायले भेऊन राहिले?" म्हणत ती पाणी आणायला आत गेली.

शर्यत संपली. अकरा जण गुडघ्यांवर हात टेकून थांबले. मनिष पळतच राहिला. समालोचक आधी हसला, मग नुसत्या फेऱ्या मोजू लागला.

तुलाराम उठून टीव्हीसमोर उभा राहिला. शब्द ओठांवर आला, तेवढ्यात मागच्या दारातून सुलोचनाचा आवाज आला.

"अवो, आपल्या बांधीत कोन पळून राहिला?"

चिखलातली चपचप घरात ऐकू येत होती, पडद्यावरच्या पावलांच्या ठेक्यातच.

"बस" म्हटलं की दोघांतला एक थांबणार होता. कोणता, ते तुलारामला ठाऊक नव्हतं.