सभ्यपणे

कर्णबधिरांची शाळा बंद होणार, हे मंत्री हसतमुखाने सांगत होते आणि शेजारी मी, दुभाषी, तेच सभागृहातल्या आजी-माजी विद्यार्थ्यांना खुणांनी सांगत होते. याच शाळेत शिकलेला सुतार लेकीशेजारून ताडकन उठला. त्याचे हात सपासप चालले. “काय म्हणतोय?” मंत्र्यांनी विचारलं. एरवी मी शब्द मऊ करते. आज नाही केले. “म्हणतोय, स्वतःची पोरं परदेशात शिकवता, आमच्या पोरांच्या हातातले शब्द हिसकावता! लाज वाटत नाही?” मंत्र्यांचं हसू मावळलं. “विरोध करा, पण सभ्यपणे. ओरडताय कशाला? ऐकून घ्या.” मी तेही खुणांनी सांगितलं. सुताराने सभागृहाकडे वळून डोळे घट्ट मिटले. मग लेकीने मिटले. बघता बघता अख्ख्या सभागृहाने डोळे मिटले. मी हात खाली सोडले. मंत्री माइकवर एकटेच बोलत राहिले.