वीतभर बांध

"वहिनी, आज तुमची चोरी उघडी पाडतो!" अर्ज करून आणलेल्या मोजणीवाल्यासमोर दीर गरजला. तानूबाईने शांतपणे खुरपं खाली ठेवलं.

वीस वर्षांपूर्वी यानेच बांध फोडून त्यांचा अर्धा एकर गिळला होता. "घेईन तर सगळा एकदम, हायकोर्टातून," असं नवरा बाजेवर बसून अजून म्हणायचा. तानूबाईने त्याच वर्षी मोजणीसाठी दोनदा अर्ज केला. दिराने ओळखीने दोन्ही दाबले. तेव्हापासून ती दर पेरणीला बांध वीतभर कोरायची आणि माती मुद्दाम त्याच्या वावरात टाकायची. नवरा हसायचा, "अशानं सात जन्म लागतील." दीर मात्र दरवर्षी जास्तच पिसाळायचा. इतकी वर्षं कसून ते रान आपलंच, असं त्याला खरंच वाटू लागलं होतं.

मोजणीवाला नकाशा बघत निघाला तो बांधावर थांबलाच नाही. थेट दिराच्या नव्या बंगल्याच्या ओट्यावर त्याने चुन्याची रेघ मारली. "तानूबाईंची हद्द इथपर्यंत."

दिराने हात जोडले. "वहिनी, घरातल्या घरात मिटवू."

"माझे अर्ज तुम्ही दाबलेत, भावजी," तानूबाई म्हणाली. "ह्या तुमच्या अर्जासाठीच वीस वर्षं वीत वीत कोरत होते मी."