जास्तीचे अठरा किलोमीटर

"मनातला आकडा नको, काळुरामकाका! मीटरवरचा सांगा."

असं म्हणत दिशा स्वतःच टेम्पोच्या पायरीवर चढली आणि तिने थेट आत डोकं खुपसलं. ड्रायव्हर काळुराम हसत बाजूला झाला.

"एवढी चौकशी कधी पोलिसांनी केली नाय गो माझी."

"पोलीस धूर मोजत नायत, काका. मी मोजते."

राज्यातल्या गाड्या किती डिझेल-पेट्रोल जाळतात आणि त्यातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे बऱ्याच शाळांनी मिळून मोजायचं ठरवलं होतं. नमिता मॅडमनी नववीच्या वर्गाला सांगितलं, प्रत्येकीने एक गाडी धरा. दिशाने घरचीच धरली. पेणच्या कारखान्यातून गणपतीच्या मूर्ती घेऊन रोह्याला जाणारी. एक लिटर डिझेल म्हणजे जवळजवळ दोन किलो सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हे आता ती झोपेतही सांगायची. आठवड्यातून दोनदा आई पहाटे देवीला गेली की घरचा चहा तिच्याच गळ्यात पडायचा, तरी वहीतली एक ओळ चुकली नाही.

तिच्या बाबांची, नितेशची, कंबर दिवाळीत धरली होती. तेव्हापासून गाडी काळुरामच चालवायचा.

सहाव्या आठवड्यात वहीने तोंड उघडलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अठरा किलोमीटर जास्त. दीड लिटर डिझेल, चार किलो कार्बन डायऑक्साइड!

"डिझेल विकतोय तो," बाबा म्हणाले.

"नाय ओ बाबा! विकलेल्या डिझेलवर मीटर कसा पळेल? गाडी खरंच फिरलीय."

"कुठे?"

इथेच दिशाने थांबायला हवं होतं. पण डोकं असं भन्नाट चाललेलं असताना थांबतंय कोण! "त्या दोन दिवशी टायरला मिठागराचा चिखल असतो. आणि काकांचं गाव खाडीकडेच हाय."

संध्याकाळी रोह्याच्या मूर्ती गाडीत भरून झाल्या आणि बाबांनी काळुरामला ओटीवर बोलावलं.

"गाडी खाडीकडे नेतोस?"

"व्हय, शेठ. खोटं कशाला बोलू."

"कशाला?"

काळुरामने मान खाली घातली. "तेवढं विचारू नका."

"मग उद्यापासून येऊ नको."

त्याने चावी फळीवर ठेवली. जाताना दिशाकडे वळून म्हणाला, "वही एकदम झकास ठेवलीस हां."

त्याने रागावून चार शब्द सुनावले असते तर बरं, असं झालं तिला. सहा आठवडे त्याच्याच पायरीवर चढून तिने त्याचीच नोकरी घालवली होती.

"बाबा, परत बोलवा ना त्यांना."

"न विचारता गाडी नेली. विषय संपला." पण बाबांचं लक्ष अंगणातल्या टेम्पोकडेच होतं. बावीस मूर्ती सकाळी सहाला निघायला हव्या होत्या. उशीर झाला की रोह्याचा व्यापारी दुसऱ्याला काम देणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सकाळपर्यंत ड्रायव्हर आणायचा कुठून?

तेवढ्यात आई, वैशाली, कारखान्यातून आली. दिवसभर मूर्तींचे डोळे रंगवून ती दमलेली असायची. भिंतीला टेकून डावी पोटरी चोळत तिने सगळं ऐकून घेतलं.

"काळुराम काय बोलला?"

"काय बोलणार? गप्प बसला," बाबा म्हणाले.

"बरं." आई उठली. "जेवून घ्या आधी. उद्याचं उद्या."

दिशाला जेवण गेलं नाही. वही तिने दप्तरात तळाला कोंबली. उद्या शाळेआधी काळुरामकाकांच्या घरी जायचं, माफी मागायची, वाटल्यास वही फाडून टाकायची, असं ठरवून ती झोपली.

पावणेसहाला अंगणात इंजिन घुरघुरलं.

"चावी कुठाय?" बाबा कंबर धरून उठले. फळी रिकामी होती. "दिशा, बघ गो! गाडी चालली!"

दिशा अनवाणीच धावली. टेम्पो फाटकाकडे सरकत होता. दिवे सरळ डोळ्यांवर आल्यामुळे आतलं काहीच दिसेना. आणि फाटकाबाहेर, दोन्ही हात वर करून, उलटा उलटा चालत होता काळुराम.

"काका!" ती किंचाळली. "तुम्ही इथे, मग गाडीत कोण हाय?"

काळुरामचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो टेम्पोच्या काचेकडे बघून ओरडला, "क्लच हळू सोडा, वैशालीवहिनी, आज मागे बाप्पा हायत!"