तिसरी डिस्क

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे कळल्यावर वहिनीने महिनाभर रोज वाक्यं वाचून स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. त्यावरून तिच्या वतीने बोलणारं यंत्र बनणार होतं. ऑपरेशन पार पडलं आणि रेकॉर्डिंग ठेवलेला घरचा सर्व्हर कोलमडला. चारपैकी तीन डिस्क चालल्या तरच तो उघडणार होता. चालत होत्या दोनच. दादाचा चेहरा उतरला. मी डिस्क तपासल्या. "एक कायमची गेली. दुसरीची नुसती केबल सैल होती, पण सर्व्हरने तिलाही बाद धरलंय. तिला जबरदस्तीने जोडून बघते." "आणि बिघडलं तर?" "मूळ डिस्कना हात लावत नाही, दादा. प्रती काढल्यात." मी कमांड दिली. तिसरी डिस्क जुळली. पहिल्याच फाइलमधून वहिनी कडाडली, "अरे, आधी मांजर बाहेर काढ, मग वाचते." दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी बसलेल्या वहिनीने कागद ओढून लिहिलं, "यंत्राला हेच आधी शिकव, रोज लागेल."